एका स्लाइडची चार पाने

शाळेतील फळ्यावर शिक्षक जलचक्राची आकृती कशी काढतात, ते आठवून पाहा. आधी समुद्र आणि सूर्य. मग समुद्रातून वर जाणारे बाण आणि त्यांच्या शेजारी 'बाष्पीभवन' हा शब्द. त्यानंतर ढग. शेवटी पावसाच्या तिरप्या रेषा; पण फळा लहान असतो, म्हणून त्या काढण्यापूर्वी बाण आणि तो शब्द पुसावा लागतो आणि त्याच जागी 'पर्जन्य' असे लिहिले जाते. पूर्ण झालेली आकृती एकदम समोर आली असती, तर तिच्यातून एवढे कळले नसते. कशानंतर काय घडते, हेच तर सांगायचे असते.

संगणकावरील सादरीकरणात हे काम ॲनिमेशनने साधते. स्लाइडवरील एखादी आकृती क्लिक केल्यावर प्रकट होते, दुसरी नाहीशी होते, तिसरी सरकत जाते. पडद्यावर सारे सुरळीत चालते. अडचण येते ती हे सादरीकरण कागदावर किंवा दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये नेताना. ही अडचण दूर करण्यासाठी एका विद्यार्थ्याने तयार केलेल्या आराखड्याचा अभ्यास आपण या पाठात करणार आहोत. विद्यार्थी आणि त्याचा आराखडा पाठाच्या सोयीसाठी कल्पिले आहेत. सॉफ्टवेअर, त्याचा इतिहास आणि अडचण मात्र खरी आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते सांगू शकाल; एखाद्या कामाचा आराखडा लिहिताना मोघम विधान आणि तपासता येईल असे विधान यांतील फरक ओळखू शकाल; आणि देवनागरी लिपीतील 'अक्षर' संगणकाच्या दृष्टीने कसे बनते, याचे स्पष्टीकरण देऊ शकाल.

मूळ पाठ

लिबरऑफिस हा कार्यालयीन कामासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा संच आहे. पत्रे लिहिणे, हिशेबाचे तक्ते मांडणे, सादरीकरण तयार करणे, अशा कामांसाठी त्यात स्वतंत्र विभाग आहेत. सादरीकरणाच्या विभागाला इम्प्रेस म्हणतात. या संचाचे मूळ जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये सापडते. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये सॉफ्टवेअरचा स्रोत सर्वांसाठी खुला केला. त्यातून ओपनऑफिस हा प्रकल्प उभा राहिला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी प्रकल्पातील अनेक जण बाहेर पडले, त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था सुरू केली आणि लिबरऑफिस या नावाने काम पुढे चालू ठेवले. स्रोत खुला होता म्हणूनच हे शक्य झाले. मालक बदलला, तरी काम करणाऱ्यांच्या हातून काम काढून घेता आले नाही.

स्रोत म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लेख. तो कोणालाही वाचता येतो, त्यात बदल करता येतो आणि बदललेली प्रत इतरांना देता येते, तेव्हा त्या सॉफ्टवेअरला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. पदार्थाबरोबर त्याची कृतीही मिळावी, तसे हे आहे. मात्र कृती मिळाली म्हणजे स्वयंपाक येतोच असे नाही. लिबरऑफिसचा स्रोत लक्षावधी ओळींचा आहे. नवख्या माणसाने त्यात कोठून शिरावे?

त्यासाठी काही वाटा आहेत. गूगल समर ऑफ कोड ही त्यांपैकी एक. हा उपक्रम २००५ मध्ये सुरू झाला. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या संस्था त्यात भाग घेतात, नवख्यांकडून कामाचे आराखडे मागवतात आणि निवडलेल्या प्रत्येकास अनुभवी मार्गदर्शक देतात. मानधन गूगल देते. प्रारंभी हा उपक्रम केवळ विद्यार्थ्यांसाठी होता. २०२२ पासून ही अट शिथिल झाली आणि मुक्त स्रोताच्या क्षेत्रात नवख्या असलेल्या अठरा वर्षांवरील इतरांनाही अर्ज करण्याची संधी मिळाली. म्हणजे महाविद्यालयाचे दार न पाहिलेली व्यक्तीही आज तेथे आराखडा सादर करू शकते. लिबरऑफिसचा समुदाय अर्जदाराकडून आणखी एक अपेक्षा बाळगतो: अर्जापूर्वी त्याने एखादे लहानसे काम प्रत्यक्ष करून दाखवावे.

आपला विद्यार्थी इंदूरचा आहे, असे समजू. घरी मराठी, बाहेर हिंदी. संध्याकाळी तो प्रौढांच्या एका अभ्यासवर्गात मदतीला जातो. तेथील शिक्षिकेने इम्प्रेसमध्ये जलचक्राची स्लाइड केली होती, अगदी फळ्यावर काढावी तशी, टप्प्याटप्प्याने. वर्गात ती सर्वांना समजली. त्या दिवशी न आलेल्यांसाठी तिने स्लाइडची पीडीएफ केली आणि छापून ठेवली. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या हाती तो कागद आला. त्यावर समुद्र, सूर्य, बाण, ढग आणि पाऊस एकाच वेळी होते. 'बाष्पीभवन' या शब्दावरच 'पर्जन्य' हा शब्द बसला होता आणि दोन्ही वाचता येत नव्हते. ती बाई नोकरी सांभाळून शिकणारी. तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि "मला हे जमायचे नाही," असे म्हणून घडी घातली. चूक कागदाची होती. तिने ती स्वतःची मानली. विद्यार्थ्याच्या आराखड्याचा आरंभ येथे झाला.

असे का व्हावे? पीडीएफ हा प्रकार ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. कोणत्याही यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, हा त्याचा हेतू. पान म्हटले की त्यात जागा आली, वेळ नाही. एक पान जाऊन दुसरे येताना पडदा सरकल्यासारखा परिणाम पीडीएफमध्ये साठवता येतो आणि इम्प्रेस तो निर्यातही करते. पण एकाच पानावरील वस्तूंनी क्रमाने यावे-जावे, अशी सोय साध्या पानात नसते. एका स्लाइडचे एक पान, या नियमाने निर्यात केली की वेगवेगळ्या वेळी दिसणाऱ्या साऱ्या वस्तू एकाच पानावर गर्दी करतात. फळा न पुसता त्याच्यावर लिहीत राहावे, तसा हा प्रकार होतो.

यावर उपाय पूर्वीपासून आहेत. कित्येक शिक्षक स्लाइडच्या चार प्रती हाताने करतात आणि प्रत्येकीतून नको त्या वस्तू काढून टाकतात. गणिताच्या लेखनासाठी प्रसिद्ध असलेल्या लाटेक प्रणालीत २००३ पासून बीमर नावाची जोड आहे. ती एकाच चौकटीच्या टप्प्यांची आपोआप वेगवेगळी पाने करते. इम्प्रेससाठीही असे काम करणारी एक विस्तारजोड उपलब्ध झाली होती. तेव्हा विद्यार्थ्याची कल्पना नवी नव्हती. ती निर्यातीच्या मूळ सोयीतच असावी, शोधून वेगळी जोडावी लागू नये, एवढेच त्याला सुचवायचे होते. आधी कोणी काय केले आहे, हे आराखड्यात प्रांजळपणे सांगितले, तर त्याचे वजन वाढते.

विद्यार्थ्याचा पहिला खर्डा असा होता:

"लिबरऑफिस इम्प्रेसमधील ॲनिमेशनची निर्यात सदोष आहे. मी पीडीएफ, एसव्हीजी आणि व्हिडिओ या तिन्ही प्रकारांतील निर्यात सर्वांगाने सुधारीन. त्यामुळे जगभरातील लाखो वापरकर्त्यांना उत्कृष्ट अनुभव मिळेल. मी मेहनती असून हे काम वेळेत पूर्ण करण्याची मला खात्री आहे."

भाषा निर्दोष आहे. उत्साहही आहे. परंतु या चार वाक्यांत तपासून पाहता येईल असे एकही विधान नाही. 'सदोष' म्हणजे नेमके काय? 'सर्वांगाने' यात काय आले आणि काय राहिले? काम संपले, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? दूर देशात बसलेल्या मार्गदर्शकाने या विद्यार्थ्याला कधी पाहिलेले नाही. त्याच्यासमोर आहेत ती एवढीच वाक्ये.

पाठगत प्रश्न

१. पहिल्या खर्ड्यातील कोणत्या शब्दांचे मोजमाप करता येणार नाही? तीन शब्द लिहा.
२. कागद हाती आलेल्या विद्यार्थिनीने चूक स्वतःची का मानली असावी? तुमच्या शब्दांत उत्तर द्या.
३. पीडीएफच्या पानात 'जागा आली, वेळ नाही', असे का म्हटले आहे?

विद्यार्थ्याने खर्डा बाजूला ठेवला आणि जलचक्राची स्लाइड पुन्हा उघडली. इम्प्रेसमध्ये प्रत्येक परिणामाची सुरुवात तीन प्रकारे ठरवता येते: क्लिक केल्यावर, आधीच्या परिणामाबरोबर किंवा आधीचा संपल्यानंतर. बाण क्लिक केल्यावर येत होते आणि 'बाष्पीभवन' हा शब्द त्यांच्या पाठोपाठ आपोआप येत होता. म्हणजे शिक्षिकेच्या दृष्टीने ही दोन नव्हे, एकच पायरी होती. क्लिक म्हणजे तिचा श्वास घेण्याचा क्षण. स्लाइडवर एकूण तीन क्लिक होते. पहिल्या क्लिकपूर्वीची स्थिती धरून पाने झाली चार. यातून त्याला आपला नियम सापडला आणि दुसरा खर्डा त्या नियमावर उभा राहिला:

"एका स्लाइडवर जितके क्लिक, त्यांपेक्षा एक अधिक इतकी पाने पीडीएफमध्ये व्हावीत. प्रत्येक पानावर त्या क्लिकनंतरचे सर्व परिणाम पूर्ण झाल्यावर जी स्थिती दिसते, ती असावी. जी वस्तू नंतर प्रकट होणार आहे, ती आधीच्या पानांवर नसावी. जी नाहीशी झाली आहे, ती नंतरच्या पानांवर नसावी. सोबत जोडलेल्या नमुना स्लाइडची चार पाने झाली आणि चौथ्या पानावर बाण दिसले नाहीत, तर हा भाग पूर्ण झाला असे समजावे."

येथे कोणीही फाइल उघडून पाने मोजू शकतो. विद्यार्थी मेहनती आहे की नाही, हा प्रश्न उरतच नाही.

नियम सापडला, तरी कडेचे प्रश्न सुटायचे होते. एखादा शब्द गोल फिरून पूर्ववत होत असेल, तर त्यासाठी वेगळे पान काढावे काय? ते आधीच्या पानासारखेच दिसणार. विद्यार्थ्याने ठरवले की पहिल्या आवृत्तीत पान काढावे. दोन पाने सारखी आहेत का, हे शोधण्याचे काम नंतरसाठी सोडावे. एखादी वस्तू मार्गावरून सरकत असेल, तर तिचा मार्ग ठिपक्यांच्या रेषेने दाखवावा, असे त्याला प्रथम वाटले. मग त्याने ते खोडले. ती रेषा शिक्षिकेने काढलेली नाही. निर्यात करणाऱ्याने मूळ मजकुरात भर घालू नये. भाषांतरकाराला जी मर्यादा असते, तीच येथे लागू होते.

कागदाचाही विचार करावा लागला. वीस स्लाइड आणि प्रत्येकीवर पाच क्लिक असतील, तर २० × ६ म्हणजे १२० पाने होतात. ज्याला केवळ वीस पानांची टिपणे हवी आहेत, त्याच्यावर हा खर्च लादता येणार नाही. म्हणून ही सोय ऐच्छिक ठेवावी आणि आरंभी बंद असावी, अशी नोंद त्याने केली. हजारो लोक रोज वापरतात त्या वस्तूत बदल करताना पूर्वीचे वागणे मोडू नये, ही काळजी मुक्त स्रोताच्या कामात फार महत्त्वाची मानली जाते, आणि ते योग्यच आहे.

व्हिडिओची निर्यात त्याने सोडून दिली. व्हिडिओत वेळ टिकतो हे खरे, पण वेग एकच राहतो आणि फाइल जड होते. शिवाय त्याने निवडलेले मध्यम आकाराचे काम १७५ तासांचे. एसव्हीजीचा एक लहानसा भाग मात्र त्याने ठेवला, आणि त्याला कारण होते त्याची भाषा.

एसव्हीजी हा आकृत्या साठवण्याचा प्रकार आहे. २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याला मान्यता दिली. त्यात चित्र ठिपक्यांनी न साठवता 'येथून तेथवर रेषा, एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ' अशा वर्णनाने साठवतात आणि ब्राउझर ते वर्णन वाचून चित्र काढतो. इम्प्रेस एसव्हीजीत निर्यात करते, तेव्हा स्लाइड पुढेमागे नेणारा छोटा प्रोग्रॅमही त्याच फाइलमध्ये घालते. त्यामुळे ज्या संगणकावर लिबरऑफिस नाही, तेथेही सादरीकरण पाहता येते.

आता इम्प्रेसमध्ये मजकूर एकेक अक्षर करून प्रकट करण्याची सोय आहे. इंग्रजीत हे सोपे आहे. मराठीत 'अक्षर' कशाला म्हणायचे? 'शिक्षण' हा शब्द घ्या. आपण तो तीन अक्षरांत वाचतो: शि, क्ष, ण. संगणक मात्र तो सहा चिन्हांनी साठवतो: श, ऱ्हस्व इकार, क, हलन्त, ष आणि ण. इकार आपण श च्या आधी लिहितो. संगणक तो श च्या नंतर साठवतो. प्रोग्रॅमने एकेक चिन्ह मोजून दाखवले, तर पडद्यावर आधी 'श' येईल. मग इकार येताच तो उजवीकडे ढकलला जाईल. त्यानंतर 'क', मग पाय मोडलेला 'क्', आणि एकाएकी त्या जागी 'क्ष'. नुकतेच वाचायला शिकणाऱ्या प्रौढाच्या डोळ्यांसमोर शब्द असा मोडत-जुळत राहिला, तर त्याने काय वाचावे?

अक्षराची सीमा कोठे मानावी, याचे नियम युनिकोड या मानकात दिलेले आहेत. त्या सर्वसाधारण नियमांनुसार पूर्वी 'क्ष' चे 'क्' आणि 'ष' असे दोन तुकडे पडत. २०२३ मध्ये निघालेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे फोडू नयेत, असा नियम आला. विद्यार्थ्याने आराखड्यात लिहिले की, अक्षरागणिक प्रकट होणाऱ्या मजकुराची एसव्हीजी निर्यात देवनागरीत तपासावी, 'शिक्षण', 'स्त्री' आणि 'कार्य' हे तीन शब्द चाचणीसाठी ठेवावेत आणि जेथे तुकडे चुकीचे पडतील, तेथे हा नियम लावावा. 'कार्य' का, तर त्यातील रफार 'य' च्या डोक्यावर दिसतो आणि साठवला जातो त्याच्या आधी. हे मराठी वाचणाऱ्याला सहज सुचते. ज्याने ही लिपी कधी वाचलेली नाही, अशा कसलेल्या प्रोग्रॅमरला सुचणे कठीण.

आराखडा पाठवण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक ओळही प्रोग्रॅम न लिहिता त्याची परीक्षा घेतली. जलचक्राच्या स्लाइडच्या चार प्रती त्याने हाताने केल्या, छापल्या आणि त्या संध्याकाळच्या वर्गात नेल्या. कागदाची घडी घालणाऱ्या विद्यार्थिनीला त्याने चारही पाने उलटसुलट क्रमाने दिली आणि ती लावायला सांगितली. तिने पावसाचे पान सर्वांत आधी ठेवले, मग समुद्राचे, बाणांचे आणि शेवटी ढगांचे.

"ताई, पाऊस शेवटी यायला हवा ना?" त्याने विचारले.

"पाऊस पडला म्हणून तर समुद्र भरला," ती म्हणाली. "मग वाफ, मग ढग. ढगांतून पुन्हा हाच पाऊस. मी कुठे चुकले?"

ती चुकली नव्हती. चक्राला आरंभ नसतो. पण शिक्षिकेने एक आरंभ निवडला होता आणि सुट्या पानांत तो हरवला होता. पीडीएफमध्ये पानांना अंतर्गत क्रमांक देता येतात, परंतु ते छापील कागदावर उमटत नाहीत. पानावर आपले काही घालायचे नाही, असे तर विद्यार्थ्याने आधीच ठरवलेले. त्याने बराच विचार केला आणि आराखड्यात आणखी एक वाक्य वाढवले: "ज्या स्लाइडवर तिच्या कर्त्याने क्रमांक घातला आहे, तेथेच तो टप्प्यासह छापावा, सातव्या स्लाइडच्या तिसऱ्या टप्प्यावर ७ ऐवजी ७.३ असे यावे." त्या रात्री त्याने आराखडा पाठवला.

शब्दार्थ

खर्डा: लेखनाचा पहिला, कच्चा मसुदा. निर्यात: एका प्रकारच्या फाइलमधील मजकूर दुसऱ्या प्रकारात नेणे. प्रांजळपणे: काही न लपवता. ऐच्छिक: इच्छेनुसार निवडता येण्याजोगे. रफार: जोडाक्षरातील अर्धा र, जो पुढील अक्षराच्या डोक्यावर लिहितात.

स्वाध्याय

१. एका स्लाइडवर सात परिणाम आहेत. त्यांपैकी चार क्लिक केल्यावर सुरू होतात, दोन आधीच्या परिणामाबरोबर आणि एक आधीचा संपल्यानंतर. दुसऱ्या खर्ड्यातील नियमानुसार तिची किती पाने होतील? कारण लिहा.
२. 'स्त्री' या शब्दातील चिन्हे संगणक ज्या क्रमाने साठवतो, त्या क्रमाने लिहा. वाचताना त्यात किती अक्षरे मोजली जातात?
३. ठिपक्यांची रेषा विद्यार्थ्याने खोडली, पण ७.३ हा क्रमांक स्वीकारला. या दोन निर्णयांत विरोध आहे असे तुम्हांला वाटते काय? आपले मत सकारण मांडा.
४. तुमच्या वस्तीत, कामाच्या जागी किंवा अभ्यासकेंद्रात सुधारायला हवी अशी एक लहान गोष्ट निवडा. तिच्यासाठी दहा ओळींचा आराखडा लिहा. त्यात काम पूर्ण झाले हे कशावरून ओळखायचे आणि तुम्ही काय करणार नाही, हे अवश्य लिहा.